चाळीस मायक्रॉनची राखण

कारखान्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या गाडीच्या पत्र्यावर रंगाचे जितके थर असतात, त्या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे गंज अडवणारा खालचा थर, त्यावरचा प्रायमर, गाडी लाल की पांढरी हे ठरवणारा बेस कोट आणि सगळ्यांत वरचा पारदर्शक क्लिअर कोट, हे सगळं दोन केसांच्या जाडीत मावतं. यातला बेस कोट जेमतेम १५-२० मायक्रॉनचा. त्याला स्वतःची चमक नसते आणि उघड्यावर तो फार काळ तगही धरत नाही. चमक, रंगाची खोली, अतिनील किरणांपासून बचाव, पाणी आणि आम्ल यांच्यापासून बचाव ही सगळी कामं वरच्या ४०-५० मायक्रॉनच्या थराकडे असतात. गाडीवरून हात फिरवताना आपण रंगाला शिवतच नाही. हात फिरतो तो या पारदर्शक थरावरून.

हे पुस्तक त्या थराच्या राखणीबद्दल आहे. पेंट प्रोटेक्शन फिल्म, जिला बाजारात सगळे पीपीएफ म्हणतात, आणि सिरॅमिक कोटिंग या दोहोंची माहिती हवी म्हणून बहुतेक वाचक ते हाती घेतील. ती माहिती पुढे सविस्तर येते. पण सुरुवातीच्या प्रकरणांत फिल्म नाही आणि कोटिंगही नाही. तिथे रंग कसा घडतो, तो कशाने झिजतो आणि गाडी धुवायची कशी, एवढंच आहे. हा क्रम मी जाणूनबुजून ठेवला आहे. शोरूममध्ये गाडी ताब्यात घेताना गिऱ्हाइकासमोर दोन-तीन पॅकेजं ठेवली जातात आणि 'पाच वर्षं काळजी नाही' असं सांगितलं जातं. काय वाचवायचं आहे हेच ज्याला कुणी सांगितलेलं नसतं, त्याला ते कशाने वाचेल याची निवड करायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

रंग इतका पातळ आणि तरीही इतका टिकाऊ झाला, त्याला शंभर वर्षांची खटपट आहे. सुरुवातीच्या मोटारी बग्ग्यांसारख्याच रंगवत. तेलाचं वार्निश ब्रशने लावायचं, वाळू द्यायचं, घासायचं, पुन्हा लावायचं. एका गाडीला आठवडे लागत. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात निघे, कारण झपाट्याने चालणाऱ्या कारखान्याला एकच स्वस्त आणि टिकाऊ रंग परवडत होता. १९२३ मध्ये ड्यू पाँट आणि जनरल मोटर्स यांनी ड्यूको नावाचं नायट्रोसेल्युलोजचं लॅकर ओकलंड गाड्यांवर आणलं आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. सामान्य माणसाच्या गाडीला निळा-हिरवा रंग मिळू लागला तो तेव्हापासून. पुढे १९६० च्या दशकात अख्खी बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने खालचा थर चढवण्याची पद्धत आली. दाराच्या पोकळीत, सांध्यांत, जिथे कुठली पिचकारी पोचत नाही तिथेही रंग पोचू लागला आणि गाड्या गंजण्याचं प्रमाण घटलं. बेस कोटवर वेगळा क्लिअर कोट ही जोडी जगभर रुळली ती १९८० च्या दशकात.

आपल्याकडे ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या पिढीतल्या गाड्यांवर रंग आणि चमक एकाच थरात असे. पॉलिश करताना फडक्यावर गाडीचाच रंग उतरायचा, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. दसऱ्याच्या आधी 'रबिंग-पॉलिश' करून घ्यायची चाल त्या काळची. गाड्या बदलल्या, थर बदलले, चाल मात्र राहिली. आज तेच रबिंग क्लिअर कोटवर होतं आणि फडक्यावर रंग दिसत नाही, म्हणून काही गेलं असं वाटतही नाही. प्रत्यक्षात जो जातो तो सगळ्यांत मोलाचा थर.

मोलाचा अशासाठी, की तो परत मिळत नाही. कारखान्यात रंगवली जाणारी बॉडी नुसता पत्रा असतो. तिला ना काच, ना रबर, ना वायर. त्यामुळे क्लिअर कोट १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत भाजता येतो. धडक बसलेली गाडी गॅरेजमध्ये येते ती पूर्ण जोडलेली असते. तिला बूथमध्ये ६० अंशांच्या आसपासच तापवता येतं; बाकीचं काम हार्डनरच्या रसायनावर सोडावं लागतं. चांगला पेंटर रंग असा जुळवतो की दिवसाउजेडी फरक कळू नये, आणि त्या कसबाला मी मनापासून मान देतो. पण कारखान्याची भट्टी तोही आणू शकत नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात मूळ रंगाला किंमत आहे ती यामुळेच. जाणकार गिऱ्हाईक थिकनेस मीटर घेऊन येतं, दारांवर आणि फेंडरवर टेकवून पाहतं, आणि एखाद्या पॅनेलवर आकडा २०० च्या वर गेला की हे पॅनेल पुन्हा रंगवलेलं आहे असं धरून भाव पाडतं.

म्हणून मी क्लिअर कोटला मुद्दल म्हणतो. त्यात भर कधी पडत नाही. ते किती हळू खर्च होईल एवढंच आपल्या हातात असतं, आणि या पुस्तकातला प्रत्येक उपाय मी याच मापाने मोजला आहे.

खर्च सगळ्यांत जास्त कुठे होतो, हे सांगितलं की पुष्कळांना पटत नाही. तो होतो गाडी पुसताना. शहरातल्या सोसायट्यांत पहाटे एक माणूस बादली आणि फडकं घेऊन येतो आणि उजाडायच्या आत दहा-वीस गाड्या पुसून जातो. पाणी तेच, फडकं तेच. पहिल्या गाडीची धूळ फडक्यात अडकते आणि दुसऱ्या गाडीवर घासली जाते. धूळ म्हणजे बरेचसे वाळूचे आणि दगडाचे कण, आणि त्यातले कितीतरी कण क्लिअर कोटपेक्षा कठीण असतात. प्रत्येक फेरीला एक-दोन मायक्रॉन खोल अशा शेकडो रेघा उठतात. सावलीत त्या दिसत नाहीत. उन्हात किंवा पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली काळी गाडी उभी केली, की दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल-गोल जाळं उमटतं. डिटेलिंगवाले त्याला स्वर्ल म्हणतात. गंमत अशी, की त्या रेघा मुळात गोल नसतातच. त्या सगळ्या दिशांनी गेलेल्या असतात; पण ज्या रेघा प्रकाशाला आडव्या पडतात त्याच चमकतात, आणि दिव्याभोवती अशा आडव्या रेघांचं वर्तुळ दिसतं. गाडीभोवती दिवा फिरवला की वर्तुळही फिरतं. नव्या मुलांना काम शिकवताना मी हे आधी दाखवतो, कारण एकदा दिसलं की हातातलं फडकं आपोआप हलकं होतं.

त्या पहाटेच्या माणसाला मी दोष देत नाही. त्याला जेवढा वेळ, जेवढं पाणी आणि जेवढे पैसे मिळतात, त्यात यापेक्षा वेगळं काही होणं कठीण आहे. मालकाने त्याला रोजचं कोरडं पुसणं बंद करायला सांगावं, आठवड्यातून एकदाच नीट धुवायला सांगावं, त्यासाठी चार मायक्रोफायबर टॉवेल आणि दुसरी बादली द्यावी आणि पैसे पूर्वीइतकेच द्यावेत. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं; प्रत्येक पॅनेलनंतर हातमोजा नुसत्या पाण्यात पिळून मगच पुन्हा शाम्पूत बुडवायचा. जमिनीवर पडलेला टॉवेल त्या दिवशी गाडीला लावायचा नाही. एवढ्याने जो रंग वाचतो तो कुठल्याही बाटलीने वाचत नाही. पाण्याची टंचाई असलेल्या मराठवाड्यातल्या वाचकांसाठी रिन्सलेस पद्धतीचं वेगळं प्रकरण दिलं आहे: पाण्यात मिसळलेलं एक वंगणासारखं पॉलिमर, एक बादली पाणी आणि घडी उलटत जायचे टॉवेल, एवढ्यात गाडी स्वच्छ होते. अंगणात उभ्या गाडीवर कापडी कव्हर घालणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं, की धुळीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने हललं की तेही तेच काम करतं जे मळकं फडकं करतं.

बाकीचे शत्रू जागेनुसार बदलतात. पारव्यांची विष्ठा सगळीकडेच. तिच्यातलं युरिक ॲसिड वाईट खरंच, पण अर्धं नुकसान उन्हाचं असतं. तापलेला क्लिअर कोट मऊ होऊन प्रसरण पावतो, विष्ठा वाळून घट्ट होते, आणि गार होताना क्लिअर कोट तिच्याभोवती आक्रसतो. मग पुसून टाकली तरी तिचा ठसा उरतो. ओलं फडकं पाच-दहा मिनिटं वर ठेवून ती मऊ होऊ द्यावी आणि उचलून घ्यावी. नखाने खरवडू नये. साखर कारखान्याच्या परिसरात गाळप सुरू झालं की चिमणीतून बगॅसची राख उडते. चंद्रपूरकडे कोळशाची धूळ आणि वीज केंद्राची राख. मुंबईत लोकलच्या रुळांलगत गाडी उभी करणाऱ्यांच्या बॉनेटवर लोखंडाचे बारीक कण रुततात आणि पांढऱ्या गाडीवर त्यांचे नारिंगी ठिपके उमटतात. गाडीच्या स्वतःच्या ब्रेकची धूळही यात भर घालते. कोकणात खारी हवा क्लिअर कोटचं फारसं वाकडं करत नाही, पण खड्याने रंग पत्र्यापर्यंत उडाला असेल तर तिथे गंज फार लवकर धरतो. आणि जिथे गाडी बोअरच्या पाण्याने धुतात, तिथे पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार थेंब वाळताना मागे राहतात. हे पांढरे कडे पहिल्या दिवशी व्हिनेगरच्या पाण्याने निघतात, दोन महिन्यांनी ते मशिनने घासून काढावे लागतात.

मशिनने घासणं म्हणजेच मुद्दल मोडणं. स्वर्ल काढायला लागणारं कटिंग आणि पॉलिश दर खेपेला दोन-तीन मायक्रॉन, कधी त्याहून जास्त, क्लिअर कोट कापून काढतं. रेघ भरून येत नाही, तिच्या तळापर्यंत आजूबाजूचा पृष्ठभाग खाली आणला जातो. गाडीच्या पूर्ण आयुष्यात सगळं मिळून आठ-दहा मायक्रॉनहून जास्त काढू नये, असं मी धरून चालतो. त्यापुढे गेलं की उन्हाला अडवणारी रसायनं अपुरी पडू लागतात आणि काही वर्षांनी छपरावर, बॉनेटवर क्लिअर कोटचे पापुद्रे सुटतात. तिथे पॉलिश चालत नाही आणि फिल्म-कोटिंगही चालत नाही. पॅनेल पुन्हा रंगवावं लागतं. फिल्म आणि कोटिंग यांचं खरं मोल इथे आहे. दोन्हींमुळे मशीन लावायची वेळ कमी येते.

आता सिरॅमिकबद्दल. त्याच्या बाटलीत पॉलीसिलाझेन किंवा सिलोक्सेन जातीची रेझिनं असतात. पॉलीसिलाझेन हवेतल्या बाष्पाशी संयोग पावतं, अमोनिया सोडतं आणि सिलिकॉन-ऑक्सिजनची जाळी बांधत क्लिअर कोटला घट्ट धरून बसतं. वॅक्स नुसतं पृष्ठभागावर पसरलेलं असतं. ईशान्य ब्राझीलमधल्या कार्नाउबा ताडाच्या पानांवरचं उत्तम वॅक्स घेतलं तरी ते ८५ अंशांच्या आसपास वितळतं आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात काही आठवड्यांत ओसरतं. कोटिंग तसं ओसरत नाही, ते झिजत झिजतच जातं. पाणी त्यावरून घरंगळतं, चिखल धरत नाही, विष्ठेला पृष्ठभागापर्यंत पोचायला जरा जास्त वेळ लागतो, आणि धुताना फडक्याला जोर लावावा लागत नाही. हा शेवटचा फायदा मला सगळ्यांत मोठा वाटतो. जोर कमी, तर रेघा कमी.

पण या थराची जाडी एक-दोन मायक्रॉन, पुष्कळदा त्याहून कमी. त्याच्या नावावर जे खपवलं जातं त्यातल्या बऱ्याचशाला आधार नाही. '९एच' हा आकडा सगळ्या जाहिरातींत असतो. ती पेन्सिलीची चाचणी आहे: ठरलेल्या वजनाने दाबून, ४५ अंशांच्या कोनात, मऊपासून कठीणपर्यंत एकेक पेन्सिल पृष्ठभागावर ढकलतात, आणि ९एच ही त्या मालिकेतली सगळ्यांत कठीण पेन्सिल. म्हणजे सिद्ध एवढंच झालं की पेन्सिलीने ओरखडा उमटला नाही. वाळूचा कण पेन्सिलीपेक्षा कितीतरी कठीण असतो, आणि ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्याला मायक्रॉनभर थराची जाणीवही होत नाही. दुसरं चित्र असतं कमळाच्या पानाचं. कमळाच्या पानावर अतिसूक्ष्म उंचवटे असतात, म्हणून थेंब जवळपास गोळा होऊन उभा राहतो आणि पानाशी १५० अंशांहून मोठा कोन करतो. कोटिंग गुळगुळीत असतं, तिथे हा कोन १००-११५ अंशांच्या आसपास राहतो. पाणी पळतं, पण जे थेंब उरतात ते उंच आणि सुटे राहतात. उन्हात वाळले की प्रत्येकाचे क्षार एका लहानशा वर्तुळात गोळा होतात. म्हणून बोअरच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला कोटिंगनंतर डाग वाढल्यासारखे वाटतात, आणि त्याचं म्हणणं खोटं नसतं. त्याने गाडी धुतल्यावर लगेच टॉवेलने टिपून घ्यायला हवी. कोटिंगमुळे ते टिपणं चुकत नाही.

शोरूममधलं 'टेफ्लॉन कोटिंग' याहून कमकुवत. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई. ते ३२७ अंशांना वितळतं आणि तव्यावर बसवताना भट्टीत त्याहून जास्त तापवावं लागतं. गाडीवर हे करणं शक्यच नाही. त्या नावाखाली बहुतेक वेळा साधं पॉलिमर सीलंट लावलेलं असतं; ते काही महिने चमकतं, तेवढं मान्य करावं आणि तेवढेच पैसे मोजावेत. 'ग्राफीन'च्या बाटल्यांतही मुख्य काम बहुधा तीच सिलिकाची रेझिनं करतात. नावापेक्षा लावणाऱ्याचा हात पाहावा, असं मी याबाबतीत सांगेन.

कारण कोटिंग लावायला एक तास आणि त्याची तयारी करायला एक-दोन दिवस, असं हे काम आहे. धुणं, लोखंडाचे कण रसायनाने विरघळवणं, क्ले बारने रुतलेली घाण उचलणं, मीटरने जाडी मोजून लागेल तेवढंच पॉलिश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पॉलिशचं तेल पुसून काढणं. यातलं काही राहिलं तर कोटिंग घाणीवर बसतं आणि घाणीसकट निघतं. रेघांवर लावलं तर रेघा वर्षानुवर्षांसाठी आत बंद होतात. हवामानाचंही भान लागतं. जुलैत मुंबईत बाष्प इतकं असतं की कोटिंग झटकन धरतं आणि पुसायला उशीर झाला की जाडसर डाग उरतात. मेमध्ये नागपुरात तापलेल्या पत्र्यावर द्रावक उडून जातो आणि थर सारखा पसरतच नाही. लावल्यावर आठवडाभर शाम्पू लावायचा नाही, आणि पहिला दिवस तरी गाडी छताखालीच ठेवायची.

फिल्मची गोष्ट वेगळी आहे, आणि तिचा उगम युद्धात आहे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी हेलिकॉप्टरांच्या रोटरची पाती उडत्या वाळूने आणि खड्यांनी कडेला खाल्ली जात. थ्रीएम कंपनीने त्या कडांवर चिकटवण्यासाठी पॉलीयुरेथेनची चिवट फीत बनवली. युद्धानंतर ती शर्यतीच्या गाड्यांच्या नाकावर आली आणि तिथून आपल्या बंपरवर. पॉलीयुरेथेनचं रसायन त्याआधीचं, १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर याने शोधलेलं. फिल्ममध्ये त्याचा थर्मोप्लास्टिक प्रकार असतो, टीपीयू. त्याच्या साखळीत मऊ आणि कठीण भाग आलटून-पालटून येतात. मऊ भाग ताण घेतात, कठीण भाग आकार धरून ठेवतात. खडा आदळतो तेव्हा १५० ते २०० मायक्रॉन जाडीचा हा पदार्थ दबतो, धक्का आजूबाजूला पसरवतो आणि परत वर येतो. गाडीच्या सगळ्या रंगापेक्षा एकटी फिल्म जाड असते, हे ध्यानात घेतलं म्हणजे कोटिंगशी तिची तुलनाच का होत नाही ते कळेल. दगडाला फिल्मच अडवते.

तिच्या वरच्या थरावर पडलेल्या बारीक रेघा उन्हाने किंवा गरम पाण्याने मिटतात, कारण तिथलं पॉलिमर तुटलेलं नसतं, नुसतं सरकलेलं असतं. ऊब मिळाली की ते जागेवर येतं. किल्लीने कापलेली फिल्म मात्र कापलेलीच राहते. पूर्वीच्या फिल्मा दोन-तीन वर्षांत पिवळ्या पडत, म्हणून पांढऱ्या गाडीचे मालक आजही बिचकतात. ॲलिफॅटिक जातीचं टीपीयू उन्हात फारसं पिवळत नाही, ॲरोमॅटिक पिवळतं. चांगली फिल्म आता पहिल्याच जातीची असते. खरा धोका आहे तो पीव्हीसीची फिल्म पीपीएफ म्हणून विकली जाण्याचा. हातात तुकडा घेऊन ताणला की फरक समजतो: टीपीयू लवचीकपणे ताणलं जातं आणि सोडलं की बऱ्यापैकी मूळ आकारात येतं, पीव्हीसी ताणलेलं तसंच राहतं, आणि काही उन्हाळ्यांत कडक होऊन तडकतं.

फिल्म लावणं हे गाडीवरच्या कामांतलं मला सगळ्यांत सुंदर वाटणारं काम आहे. शाम्पूच्या पाण्यावर फिल्म तरंगवायची, बंपरच्या वळणावर किती ताणायची ते बोटांनी ठरवायचं, स्क्वीजीने मधून बाहेर पाणी काढत जायचं, कड पॅनेलच्या मागे वळवून बसवायची. जास्त ताणली तर महिन्याभरात कड उचलते, कमी ताणली तर चुणी राहते. काही ठिकाणी फिल्म गाडीवरच ब्लेडने कापतात. कसलेल्या हाताला ते जमतंही, पण अननुभवी हाताची रेघ क्लिअर कोटमध्ये जाते आणि ती दिसते फिल्म काढल्यावर, वर्षांनंतर. शक्य तिथे गाडीच्या मापाने प्लॉटरवर कापलेली फिल्म घ्यावी, असं माझं मत आहे. पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवर लगेच फिल्म लावू नये; रंगातलं द्रावक बाहेर पडायला काही आठवडे लागतात. मॅट रंगाच्या गाडीला मात्र मी फिल्म आग्रहाने सांगतो. मॅट पृष्ठभागाला पॉलिश करता येत नाही, त्यावरची रेघ कायमची.

मग कुणी काय घ्यावं? पूर्ण गाडीला चांगली फिल्म लावायची तर खर्च लाखाच्या घरात जातो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर आठवड्याला ये-जा करणाऱ्याला किंवा काम चालू असलेल्या रस्त्यांवर डंपरमागे रोज गाडी चालवणाऱ्याला बंपर, बॉनेट, पुढचे फेंडर आणि आरसे झाकले तरी मोठं काम होतं. त्यात दाराच्या मुठीमागची खोबण, दारांच्या कडा आणि डिकीचा उंबरा जोडावा, कारण तिथे नखं, भिंती आणि सामान लागतं. उरलेल्या गाडीला कोटिंग. गावात हळू चालणाऱ्या, छताखाली उभ्या राहणाऱ्या गाडीला कोटिंगही पुरे, आणि पुष्कळांना नीट धुणं आणि वर्षातून दोनदा सीलंट एवढंच पुरतं. हे माझ्या धंद्याच्या विरुद्ध जातं असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही.

एक गोष्ट आपल्या घरांतली. नवी गाडी आली की बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, हार घातला जातो, दसऱ्याला पुन्हा. हळदीचा डाग उन्हाने फिका होत जातो, पण आजच्या कुंकवातले रंग हट्टी असतात आणि फिल्ममध्ये मुरले तर निघत नाहीत. हाराची तार वाऱ्याने हलून बॉनेटच्या कडेला रेघा पाडते. पूजा करावीच; स्वस्तिक पुढच्या काचेच्या कोपऱ्यावर काढावं आणि हार तारेऐवजी दोऱ्यात ओवलेला असावा, आणि घराबाहेर पडण्याआधी उतरवावा.

पुस्तकाचा शेवटचा भाग हे काम करणाऱ्यांसाठी आहे. हार्डनर मिसळून मारायच्या टू-के रंगातल्या आयसोसायनेटमुळे पेंटरला आयुष्यभराचा दमा लागू शकतो. तोंडाला रुमाल बांधून तो थांबत नाही, त्याला योग्य फिल्टरचा मास्क किंवा बाहेरून हवा देणारी टोपी लागते. कोटिंगच्या द्रावकांना नायट्राइलचे हातमोजे आणि मोकळी हवा लागते, आणि बंद काचेच्या वातानुकूलित खोलीत दिवसभर काम करणाऱ्या मुलांना ती मिळत नाही. ज्या दुकानात मास्क दिसत नाही तिथे गाडी देताना गिऱ्हाइकाने याबद्दल विचारावं, एवढी माझी विनंती आहे.

आणखीही काही विचारावं. काम सुरू होण्याआधी प्रत्येक पॅनेलवरचे मीटरचे आकडे लिहून देतात का? फिल्मच्या रोलवरचं नाव आणि नंबर बिलावर येतो का? वॉरंटीत पिवळं पडणं आणि कड सुटणं दोन्ही आहे का, आणि त्यासाठी दर वर्षी त्यांच्याकडेच यावं लागतं का? फिल्मची मुदत संपल्यावर ती कोण काढणार? मुदतीनंतरही वर्षानुवर्षं ठेवली तर गोंद रंगावर राहतो आणि काढणं अवघड होतं. आणि आठ-दहा दिवसांनी गाडी परत दाखवायला बोलावतात का, हे नक्की विचारावं. उचललेल्या कडा या काळात दिसतात, आणि त्यांत धूळ शिरायच्या आत उष्णता देऊन त्या पुन्हा बसवता येतात.